दांडीवरचा टॉवेल

उदगीरला चर्चच्या मागच्या गल्लीत कमलम्माला ओळखत नाही असं माणूस सापडणं कठीण. बाळंतिणींच्या दवाखान्यात तिने आयाचं काम केलं, त्यामुळे निम्म्या गल्लीची पहिली आंघोळ तिच्याच हातची. आवाज असा खणखणीत, की प्रार्थनासभेत ती ‘आमेन’ म्हणाली की बाहेर झोपलेली कुत्री उठून बसायची. अशा या धडधाकट बाईच्या अंगणात रोज एक टॉवेल वाळत असायचा आणि त्याच्याकडे बघायला गल्ली घाबरायची.

तिचा एकुलता एक मुलगा विनोद मित्रांबरोबर इस्लापूरकडे सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेला होता. खडकावरून पाय घसरला. त्याला पाण्यात पडताना मित्रांनी पाहिलं, वर येताना कुणीच पाहिलं नाही. नदी पार लांबवर धुंडाळली, पण देह काही हाती लागला नाही. त्याला आता चार पावसाळे उलटले.

विनोदला एक खोड होती. टॉवेल न घेताच न्हाणीत शिरायचा आणि मग आतून बोंब मारायचा, “अम्मा, टावेल!” तो गेला, हाक गेली नाही. दिवेलागणीला कुकरची शिट्टी थांबली, की रिकाम्या न्हाणीतून ती कमलम्माला ऐकू यायचीच. मग ती धुतलेला कोरडा टॉवेल दांडीवर टाकायची आणि दाराला कडी न लावता झोपायची. सकाळी टॉवेल ओला असायचा. पावसाळ्यात एक वेळ समजू, पण भर एप्रिलमध्ये?

“येऊन गेला,” ती सुनेला सांगायची. “तोंड पुसून गेला बघ.”

सून ज्योत्स्ना चहा ठेवायला आत जायची.

दर बुधवारच्या सभेत कमलम्माची एकच विनंती असायची, माझा विनोद घरी येऊ दे. मंडळी डोळे मिटून आमेन म्हणत. आईचा विश्वास मोडायचं पाप कोण माथी घेणार? तिचा हिशोब सरळ होता. मेला म्हणायचं म्हणजे देवावरचा भरवसा सोडायचा. “येशूने हाक मारली तर लाजार चार दिवसांचा मेलेला उठला. माझा तर मेलाच न्हाई,” ती म्हणायची, आणि चर्चचे पाळकसाहेबसुद्धा चष्मा पुसत बसायचे.

या भरवशात भरडली जात होती ज्योत्स्ना. मुदखेड जंक्शनवर नोकरीला असलेल्या एका भल्या बिजवराने तिला मागणी घातली होती. तिने उलट निरोप धाडला, “मी विधवा हाय का सवाष्ण, ते आधी अम्माला विचारा.” आता कमलम्माला विचारायची छाती कुणाची!

ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमते. पाळकसाहेब गेलेल्यांची नावं घेतात आणि शेवटच्या दिवशी मेलेले उठतील या भरवशाने प्रत्येक नावाला त्या घरचं माणूस मोठ्याने म्हणतं, “उठेल!” त्याआधीच्या आठवड्यात कमलम्मा सगळ्या कबरींना चुना मारायची, परक्यांच्यासुद्धा. नवऱ्याच्या, वीरण्णाच्या नावाला ती दणक्यात “उठेल” म्हणायची. एके वर्षी पाळकसाहेबांनी चुकून विनोदचं नाव घेतलं, तर पेटती मेणबत्ती तिथेच टाकून ती चालती झाली होती.

यंदाच्या ईस्टरला ती अंधारातच उठली. काडेपेटी शोधताना अंगणाकडे नजर गेली. दांडीपाशी कुणीतरी टॉवेलात तोंड खुपसून उभं होतं. कमलम्मा दाराशी धावली. आला!

मग पाठीवरची वेणी दिसली.

ज्योत्स्ना होती. हुंदका बाहेर पडू नये म्हणून टॉवेलाचा बोळा दातांत धरून रडत होती. रोज अशीच रडत असणार. पहिल्यांदा कमलम्माला आला तो संताप. या पोरीने माझा विनोद चोरला, असंच वाटलं तिला. पाय भराभर अंगणात गेले. पण जवळ जाऊन बघते तर काय, दवाखान्यात जन्मभर पाहिलेलं तेच तोंड. ओरडायची लाज वाटते म्हणून पदर चावणाऱ्या बाळंतिणीचं. त्या बायांना ती जे सांगायची तेच तिच्या तोंडून निघालं.

“ओरड, पोरी. तोंडात कापड कोंबून कुणाची सुटका झालीया?”

मग मात्र ज्योत्स्नाने असा टाहो फोडला, की शेजारच्यांचे दिवे लागले. कमलम्माने तिला पोटाशी धरलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःही रडली.

कबरस्तानात वीरण्णाचं नाव झालं, तिने उत्तर दिलं. पाळकसाहेब पुढे सरकणार, तेवढ्यात ती म्हणाली, “साहेब, आमच्या घरचं आणखी एक नाव हाय.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, “विनोद.”

कमलम्माने तोंड उघडलं. कुत्र्यांना उठवणारा तो आवाज, पण ऐन वेळी फुटेचना. मंडळी खोळंबली. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर उतरत होतं. शेवटी ज्योत्स्नाने तिचा हात धरला आणि दोघी मिळून म्हणाल्या, “उठेल.”

परत येताना वाटेत ती सुनेला म्हणाली, “मुदखेडला कळीव. अम्मा हाव म्हणली म्हणून सांग.”

त्या दिवशी दिवेलागणीला कुकरची शिट्टी थांबली आणि न्हाणीतून हाक आली. तीच, तशीच. कमलम्मा उठली. दांडीवरचा टॉवेल काढून तिने त्याची घडी घातली, तो ट्रंकेत ठेवला.

“उठशील तवा देते रे, बाळा,” ती न्हाणीकडे बघून म्हणाली, आणि जाऊन दाराला कडी लावली.