जाधव सरांचं आवरलेलं कपाट

जाधव काकूंनी कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि त्या बाजूला सरकल्या. आत नवे कोरे अल्बम उभे होते. निळ्या पाठीचे, सगळे एका उंचीचे. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी होती. ‘कॅम्प, माणसं असलेले’. ‘कॅम्प, माणसं नसलेले’. ‘देऊळ’. ‘बदलापूर’. ‘इतर’. खालच्या खणात नकाशे आकाराप्रमाणे लावून, गुंडाळून, रबर लावून ठेवले होते, शेजारी टिपणवह्यांचा गठ्ठा होता. डांबरगोळ्यांचा वास येत होता.

“झालं का तुमच्या मनासारखं?” काकूंनी विचारलं.

मी मान हलवली आणि पाणी मागितलं.

मी मुंबईतल्या एका खासगी संस्थेच्या अर्काइव्हमध्ये काम करते. माणूस गेल्यावर त्याच्या कामाचे कागद मागे राहतात. पत्रं, नकाशे, फोटो, टिपणं. घरचे आम्हाला विचारतात, घेता का? मग मी जाऊन बघते. काय आहे, किती आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि पुढे कुणी अभ्यासकाला त्याचा उपयोग होईल का. याला आम्ही अप्रेझल म्हणतो. मी रिपोर्ट देते, कमिटी ठरवते. आमच्याकडे जागा कमी आणि कागद जास्त, त्यामुळे कमिटी नकार जास्त देते.

जाधव सर मुंबईच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात इमारतींचा इतिहास शिकवायचे. राहायला अंबरनाथ पूर्वेला. इतिहासवाल्यांना अंबरनाथ म्हटलं की जुनं शिवमंदिर आठवतं. सरांनीही सुरुवातीला त्या देवळावर दोन लेख लिहिले होते. नंतर सोडून दिलं. “देवळाला माणसं खूप आहेत,” ते मला म्हणाले होते. त्यांनी पुढची सगळी हयात घातली उल्हासनगरच्या बराकींवर.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत आणून ठेवलं. लांबलचक बैठ्या बराकी, एकीसारखी दुसरी. आत गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. पुढे पडद्यांच्या जागी भिंती आल्या. दारापुढे ओटा आला, ओट्यावर पत्रा आला, पत्र्याखाली शिलाई मशीन आलं, मग शटर, मग वर मजला. हे सगळं बिनआर्किटेक्टचं. लोकांनी आपल्या गरजेनं सैनिकांच्या बराकीचं गाव कसं केलं, हा सरांचा विषय. त्यांचे सहकारी याला आर्किटेक्चर मानायला तयार नव्हते. सर प्रोफेसर झाले नाहीत. पुस्तक निघालं नाही. सुट्टीच्या दिवशी सर कॅमेरा आणि मोजायची टेप घेऊन कॅम्पात जात राहिले. रिटायर झाल्यावरही.

ते हयात असताना मी एकदा त्यांच्याकडे गेले होते. त्यांनीच बोलावलं होतं. तेव्हा हेच कपाट बघितलं होतं आणि ते बघण्यासारखं मुळीच नव्हतं. बिस्किटांचे डबे, आंब्याच्या पेट्या, आणि त्यांत उभी खोचलेली जुनी पाकिटं. लग्नपत्रिकांची, बँकेची, विम्याची. सर नवं पाकीट वापरत नसत. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं बराक नंबर आणि खोली नंबर. त्या खोलीला जेव्हा जेव्हा भेट दिली, तेव्हाचे फोटो आणि मापांची चिठोरी टाचणीनं एकत्र लावून त्याच पाकिटात. पाकिटं लावलेली होती ती चालण्याच्या क्रमानं. म्हणजे गल्लीत शिरल्यावर जी बराक आधी लागते तिचं पाकीट आधी.

त्यांनी एक पाकीट काढून टेबलावर पाच फोटो मांडले. एकाच दाराचे. पहिल्यात पडदा, दुसऱ्यात पत्र्याचं दार, तिसऱ्यात ओटा, चौथ्यात शटर. पाचव्यात दारच नव्हतं, चार मजली इमारत होती.  

फोटोंच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, पेन दाबून लिहिलं की पुढे वळ उठतो, शाई उतरते, फोटोच्या पाठीवर कधी लिहायचं नाही. हे बरोबर आहे. आम्हीही नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

सर गेले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. काकूंना घर सोडून बदलापूरला लेकीकडे, प्रज्ञाकडे, जायचं होतं. तिचं घर वन रूम किचन. कपाट तिथे मावणार नव्हतं. काकूंनी मला फोन केला. कागद संस्थेनं घ्यावेत, एकत्र घ्यावेत आणि वर सरांचं नाव लिहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. “आयुष्यभर ह्यांना लोक म्हणाले, कसले झोपड्यांचे फोटो काढता. कुठेतरी नाव लागू दे,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना फोनवर सांगितलं होतं की मी येईपर्यंत काहीही करू नका. कपाटाला हात लावू नका, मला आहे तसंच बघायचंय. दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं बरं, काही नाही करत.

आता मी पाणी पिऊन विचारलं, “काकू, ती पाकिटं कुठे आहेत?”

“कुठली? ती जुनी? ती रद्दीत दिली, आतल्या चिठोऱ्यांसकट. फाटकीतुटकी होती, कुठे झुरळांची अंडी. आणि टाचण्या किती गंजलेल्या! प्रज्ञाच्या बोटाला लागली एक. आम्ही मायलेकींनी सगळे रविवार घातले यात.”

“मी म्हटलं होतं ना, काही करू नका म्हणून.”

काकू हसल्या. “तुम्ही तसं म्हणणारच हो. येणारं माणूस कधी म्हणतं का, घर आवरून ठेवा? तुम्ही चहालाही नकोच म्हणालात, तरी मी केलाच की नाही?”

चहा समोर होता. सोबत पोहे होते. माझ्या घरी ऑफिसातलं कुणी यायचं असलं आणि ते म्हणालं, काही करू नका हं, तर मी आदल्या दिवशी पडदे धुते. त्यामुळे मी पोह्यांची बशी जवळ ओढली.

अर्काइव्हच्या कामात एक गोष्ट मूलभूत मानतात, मूळ क्रम. माणसानं आपले कागद ज्या क्रमानं ठेवले तो क्रमही कागदांइतकाच महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी क्रम बिघडला तर त्रास होतो, पण काम भागतं. पत्रावर तारीख असते, खाली सही असते. इथे तसं नव्हतं. बराकी एका साच्यातल्या. दार, खिडकी, कौलं, सगळं तेच. कुठला फोटो कुठल्या बराकीचा, हे फक्त पाकीट सांगत होतं. आता माणसं दिसणारे सगळे फोटो एका अल्बममध्ये होते आणि माणसं नसलेले दुसऱ्यात. कुठल्या पडद्याचं पुढे कुठलं शटर झालं, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी रद्दीवाल्याकडे जाऊन आले. माल गाडीत भरून कधीच गेला होता. खरं तर पाकिटं मिळाली असती तरी उपयोग नव्हता. रिकाम्या पाकिटात कोणता फोटो घालायचा?

निगेटिव्हवरून क्रम लागला असता. त्या आधीच बुरशीनं एकमेकींना चिकटून गेल्या होत्या, सरांनीच मला तेव्हा दाखवल्या होत्या. काकूंच्या परवानगीनं मी अल्बम ऑफिसात आणले आणि भिंग घेऊन बसले. फोटो निघाले एक हजार नऊशे चोवीस. ज्यांत भिंतीवर रंगवलेला बराक नंबर वाचता येत होता असे सत्तेचाळीस. फोटोच्या कागदामागे असलेल्या कंपनीच्या छापावरून बाकीच्यांचा काळ अंदाजे लावता आला. जागा लावता आली नाही.

मग प्रज्ञा म्हणाली, कॅम्पातल्या जुन्या लोकांना दाखवू या. मी आणि ती काही निवडक फोटो घेऊन उल्हासनगर कॅम्प चारला गेलो. शिलाईच्या एका वर्कशॉपबाहेर म्हातारे सिंधी गृहस्थ बसले होते. प्रज्ञाच्या वडिलांना ते ओळखत होते. “वो नापनेवाले मास्टर? अच्छा आदमी था. एक बार मेरे घर का कोना नापते नापते गटर में गिरा.” त्यांनी एक फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा आवाज बदलला. “ये तो अपना घर है. ये खाट मेरी माँ की है.”

आम्ही फोटोला घातलेल्या नव्या पाकिटावर मी पेन्सिलीनं नोंद करणार, तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या आजी आल्या. त्यांनी तोच फोटो बघितला. “साईं, चश्मा बदलो. ये हमारा है. खाट सबके पास ऐसी ही थी, राशन की लाइन में सबको एक जैसी मिली थी.”

“तुम्हारा घर तो नल के उस तरफ था!”

“नल किधर दिख रहा है इसमें?”

आणखी एक गृहस्थ आले. त्यांनीही तो फोटो आपलाच सांगितला. तिघं भांडत राहिले, प्रेमानंच. प्रत्येकाला आपलं घर सापडलं होतं. मी नोंद केली नाही. एका फोटोला तीन पत्ते लिहिता येत नाहीत.

परत येताना रिक्षात प्रज्ञा म्हणाली, “मॅडम, आईला हे सांगू नका. घेत नाहीत म्हणून सांगा. जागा नाही म्हणा. ती अजून सांगत असते सगळ्यांना, मी ह्यांचं सगळं लावून दिलं म्हणून.”

मी म्हटलं, बघते. रिपोर्टात मात्र मला खरं लिहावं लागलं. संग्रह कोणत्या अवस्थेत मिळाला आणि का, हे लिहिलं नाही तर पुढचा अभ्यासक चुकीची जुळणी करील. मी लिहिलं, ‘निर्मात्याचा मूळ क्रम त्याच्या मृत्यूनंतर घरी झालेल्या आवराआवरीत नष्ट झाला आहे.’ फोटो घ्यावेत अशीही शिफारस केली.

आमचे डायरेक्टर माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी रिपोर्ट वाचून मला बोलावलं.

“सत्तेचाळीस,” ते म्हणाले.

“हो सर.”

“बाकीच्यांना कॅटलॉगमध्ये काय नाव देणार? ‘बराक, उल्हासनगर’? अठराशे सत्त्याहत्तर वेळा?”

वजाबाकी बरोबर होती. मी म्हटलं, लोकांचे चेहरे आहेत त्यांत, कपडे आहेत. ते म्हणाले, चेहऱ्यांना नावं नाहीत. 

कमिटीनं नकाशे घेतले. नकाशांच्या कोपऱ्यात बराक नंबर लिहायची पद्धतच असते, त्यामुळे ते वाचले. टिपणवह्या घेतल्या. सत्तेचाळीस फोटो घेतले. बाकीचे परत. ‘जाधव संग्रह’ हे नाव लागलं. तीन खोकी.

देणगीच्या कागदाला रिपोर्ट जोडलेला असतो आणि त्या कागदावर काकूंची सही लागते. तो घेऊन मी बदलापूरला गेले. सोबत परतीचे अल्बम होते. काकू मास्तरणीसारख्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतात. रिपोर्टातल्या ‘निर्मात्याचा मूळ क्रम’ या ओळीवर बोट थांबलं. प्रज्ञा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

“निर्माता म्हणजे हे?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“आणि आवराआवर म्हणजे मी.”

जागा नाही असं सांगता आलं असतं. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण कागद त्यांच्या हातात होता. मी त्यांना पाकिटांचं सगळं सांगितलं. पाच फोटोंचं सांगितलं. 

“ह्यांनी मला कधी सांगितलं नाही हो,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी विचारलंही नाही. रविवारी जायचे, संध्याकाळी यायचे, मी पायांवर पाणी द्यायची. पाकिटात काय घालतात ते बघितलं नाही कधी.” मग त्यांनी सही केली. नीट, पूर्ण नावानं. प्रज्ञानं अल्बम उचलून पलंगाखाली सरकवले, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

मी या कामात बावीस वर्षं आहे. जाधव संग्रहानंतर एक बदल केला आहे. संग्रहासाठी फोन आला की येण्याचा दिवस सांगत नाही आणि काय करा, काय करू नका हेही सांगत नाही. पत्ता घेते आणि त्याच दिवशी जाऊन बेल वाजवते. लोक नाराज होतात. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं की मला रीत नाही. त्यांच्या नवऱ्याचे कागद मात्र जसेच्या तसे मिळाले.