तोफ आणि न संपणारं भुयार

बाजारात भाजीचा लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘तोफ’ म्हणत. फळीवर उभा राहून त्यानं एकदा आवाज लावला की बोलण्यात त्याचा हात धरायची कुणाची टाप नव्हती. आणि नेमकं तेच गेलं. एका सकाळी दात घासताना ब्रश गळून पडला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात लोंबत होता. शब्द डोक्यात लख्ख दिसायचे, पण जिभेवर येता येता वाटेत हरवायचे.

खरा जाच वेगळाच होता. तो “पा... पा...” म्हणेपर्यंत बायको पाण्याचा पेला पुढे करायची, त्याला हवे असायचे पायमोजे. मुलगा तर वाक्य सुरू व्हायच्या आतच संपवून टाकायचा. सगळं प्रेमापोटीच चाललेलं, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. शेवटी त्यानं बोलणंच सोडलं. खिडकीशी बसून राहायचा.

सून घरी बसून कॉम्प्युटरवर नळजोडणीचे नकाशे काढायची. सासरा-सुनेचं बोलणं तसं बेताचंच. एका दुपारी तिनं आपला जुना कॉम्प्युटर त्याच्यापुढे आणून ठेवला.

“बाबा, डाव्या हाताला तेवढाच व्यायाम. हा खेळ आहे. भुयारात उतरायचं, तळाशी एक मणी आहे, तो घेऊन वर यायचं.”

पडद्यावर चित्र असं नव्हतंच. काळ्या पाटीवर रेघांच्या खोल्या, ठिपक्यांची जमीन, ईमेलच्या पत्त्यात असतं ते वेटोळं आणि थोड्या अंतरावर एक इंग्रजी अक्षर.

“हे वेटोळं म्हणजे तुम्ही,” सून म्हणाली. “आणि ते अक्षर म्हणजे उंदीर.”

तो सावरून बसला. उंदीर जागचा हलेना.

“तुम्ही एक पाऊल टाकलंत की तो एक टाकणार. तुम्ही थांबलात की तोही थांबला. जेवून आलात तरी चालेल.”

सुनेकडे तो बघतच राहिला. आजारपणानंतर आपल्यासाठी थांबणारं कुणीतरी भेटलं होतं, भले तो उंदीर का असेना!

पहिल्याच दिवशी तो मेला. वाटेत सापडलेली हिरवी बाटली त्यानं घटाघटा पिऊन टाकली, डोळ्यांपुढे अंधार झाला आणि त्या अंधारात उंदरानं त्याचा फडशा पाडला. त्यानं बोटानं खूण केली: इथूनच पुन्हा.

“इथून नाही होत, बाबा. मेलं की मेलं. पुन्हा पहिल्यापासून. आणि भुयारही दर वेळी नवं, जुन्या वाटा पाठ करून उपयोग नाही.”

त्यानं हिरव्या बाटलीकडे बोट दाखवलं.

“तेही बदलणार. पुढच्या वेळी हिरव्या बाटलीत औषधसुद्धा निघेल.”

“हा... कस... कसला... न्याय?”

कितीतरी दिवसांनी तो बोलला होता. सून मध्ये पडली नाही. शेवटचा शब्द बाहेर येईपर्यंत थांबली आणि मग हसून म्हणाली, “मलाही पहिल्यांदा असाच राग आला होता.”

मग तो खेळतच राहिला. चौघे अंगावर आले तर मोकळ्या खोलीत उभं राहायचं नाही, अरुंद बोळात शिरायचं, म्हणजे एकेकच समोर येतो. भाकरी आधीच संपवायची नाही. जखमी असताना खाली उतरायचं नाही. एवढं शिकूनही मरायचा तो मरायचाच. कधी भुकेनं, कधी घाईनं, एकदा तर स्वतःच लावलेल्या आगीत.

प्रत्येक मरण वेगळं. आणि ते सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही.

“आज... मी...”

“साप चावला?” बायको.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“खड्ड्यात पडलात?” मुलगा.

छे. कुणाला अंदाज लागेना. भुयार आजच जन्मलेलं आणि आजच बुजलेलं, त्यात काय घडलं ते फक्त त्यालाच ठाऊक. शेवटी दोघं हात टेकून गप्प बसली. चहा निवला, पण गोष्ट पूर्ण झाली. मग हे रोजचंच झालं.

पुढे एका दुपारी मणी खरंच हाती आला. सून नकाशा सोडून शेजारी येऊन उभी राहिली. तो एकेक मजला जपून वर चढला. अगदी दाराजवळच्या मजल्यावर कोपऱ्यात एक चिलखत पडलेलं दिसलं.

“बाबा, राहू द्या ते.”

त्यानं घातलंच. चिलखत शापित निघालं. अंगातून निघेना, पाऊल उचलेना. मागून आलेल्या राक्षसानं त्याला उंबऱ्यापाशी गाठलं.

दोन दिवसांनी बाजारातला जुना सोबती, एक हमाल, भेटायला आला. त्याला तोफेनं ही सगळी गोष्ट सांगितली. अडखळत, डाव्या हातानं हवेत बोळ काढून दाखवत. हमाल भुवया उंचावून ऐकत होता.

“अरे, दार समोर होतं ना? मग चिलखत कशाला हवं होतं?”

“फु... फुकट... होतं!” तोफ म्हणाला, आणि स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. बायको पाणी घेऊन धावली. या वेळी त्याला पाणीच हवं होतं.

लिलाव पुकारायला तो पुन्हा कधी गेला नाही. त्याच्या फळीवर आता दुसरा कुणी उभा राहतो. मणीही अजून वर आलेला नाही. अलीकडे सून काम आटोपलं की स्वतः खेळायला बसते आणि तो मागून सल्ले देतो. त्याच्या सल्ल्यानं ती बहुतेक वेळा लवकरच मरते.