संक्रांतीला जंगलात

डिसेंबरातल्या एका रविवारी आईचा फोन आला आणि ती म्हणाली, "अवं, यंदा संक्रांतीले आपण जंगलात जाऊ. टेंटमधी राहू. तू नागपूरहून सरळ तिकडंच ये, आम्ही पांढुर्ण्याहून गाडी करून येतो."

मी आधी हसलेच. जी बाई जामसावळीच्या हनुमानाला गेली तरी संध्याकाळी दिवा लावायला घरी परत पाहिजे, ती टेंटमध्ये? पण मला फार बरं वाटलं. पोळ्यानंतर मी बैतूलचं सासर सोडलं होतं आणि नागपुरात एक खोली घेऊन नोकरी करत होते. का सोडलं ते सांगत बसत नाही. मारहाण नव्हती. त्या घरात माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं, एवढंच. आईबाबांना सगळं सांगितलं होतं, गावात कोणाला नाही. दिवाळीला घरी जायची फार इच्छा होती, तर आईच म्हणाली, "सुट्टी नाई भेटली म्हण ना, कायले धावपळ करतं?" आणि मी नागपुरात एकटीने फराळाचं पाकीट फोडलं. तेव्हा आता माय स्वतः होऊन भेटायला बोलावते म्हटल्यावर मला जंगल काय, वाघाची गुहाही चालली असती.

मग आमची तयारी सुरू झाली. पेंचच्या बाजूला जंगलालगत तंबू ठोकायची एक जागा मी शोधली, बुकिंग केलं. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांना कोणतंही काम धडा घेतल्यासारखं करायची सवय. त्यांनी तंबू ऑनलाइन मागवला आणि आधी सराव पाहिजे म्हणून गच्चीवर ठोकला. गच्चीत खिळा जातो कुठे? मग चार कोपऱ्यांना चार विटा. मला व्हिडिओ कॉलवर दाखवत होते. वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या मधोमध तो निळा तंबू, आणि आतून आईचा आवाज: "अहो, याच्यात माणसानं लुगडं नेसावं कसं? बसल्या बसल्या?" बाबा म्हणाले, "तिथं कोण पाह्यते तुले?" आई म्हणाली, "वाघ पाहीन ना!" मी नागपुरात खाटेवर लोळून हसले. कित्येक महिन्यांनी इतकी हसले असेन.

आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना घास तोंडातच राहिला. संक्रांत! आमच्या घरचं हळदीकुंकू संक्रांतीच्याच दिवशी असतं. बाकीच्या बायका रथसप्तमीपर्यंत रेंगाळतात, आई नाही. सकाळी सुगडं पुजायची, दुपारी सडा-रांगोळी, आणि संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या बैठकीत. एकदा ताप अंगात असताना तिने वाण वाटलं होतं. ती बाई संक्रांतीला घराला कुलूप लावणार होती. का, तर संक्रांतीला सुट्टी असते, पोरगी येते म्हणेल, आणि आली तर बायका हळदीकुंकू लावायला येतील आणि विचारतील, जवाई नाही आले? मला जंगल दाखवायला नेत नव्हते. गल्लीला मी दिसू नये म्हणून नेत होते.

मला इतकी लाज वाटली की डबा झाकून ठेवला. आईची नाही, माझी वाटली. चाळिशीला टेकलेली बाई, स्वतःचं कमावते, आणि तिच्या पायी सत्तरीतल्या आईबापावर गच्चीवर तंबू ठोकायची वेळ आली. त्याहून वाईट म्हणजे मी काही बोलले नाही. संध्याकाळी बाबांचा फोन आला तर म्हटलं, "ठंडी खूप असते तिकडे, दोन दोन ब्लँकेट घ्या." तेही म्हणाले, "हव, घेतो." आम्ही तिघंही आपापलं नाटक नीट वठवत होतो.

नाटक मोडलं ते बाबांच्या रोडग्यांनी. आमच्या भागात रानात जेवायचं म्हणजे रोडगेच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. आणि रोडगे म्हटले की ते काही तिघांचे होत नसतात. रोडग्याला बोलावलं नाही म्हणून आमच्याकडे भाऊ भावाशी बोलत नाही. तिथे जाळ करायला परवानगी नाही हे मी बाबांना दोनदा सांगितलं होतं. पण जंगलात जाऊन रेडिमेड पराठे खायचे हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ते खुशाल शेजारच्या काकूंकडे गोवऱ्या मागायला गेले. काकूंचं शेत लोधीखेड्याकडे, गोवऱ्यांना तोटा नाही.

झालं. काकूंनी विचारलं गोवऱ्या कायले, बाबांनी खरं सांगून टाकलं. उभा जन्म पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, त्यांना ऐन वेळी खोटं कुठून सुचणार? संध्याकाळपर्यंत गल्लीतली पाच घरं यायला तयार. वांगी कोण आणणार, तूप कोण आणणार तेही ठरलं. पांढुर्णा जिल्हा झालं म्हणतात, पण आमची गल्ली तेवढीच राहिली आहे.

पुढच्या रविवारी दुपारी मी आईला व्हिडिओ कॉल लावला तर फोन आमच्याकडे आलेल्या काकूंच्याच हातात. "काय वं पोट्टे, आम्हाले सोडून जंगलात चालली?" काकू बोलत बोलत आमच्या गच्चीवर गेल्या. मागे तो तंबू दिसत होता. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"हे पाय, मी जवायाचं काई विचारत नाई. आम्हाले माईत हाये. माह्या भाच्याचं सासर बैतूललेच हाये ना. गल्लीत सगळ्याईले माईत हाये."

काकू थांबल्या नाहीत.

"तुह्या आईले वाटते कोणाले माईत नाई. म्हणून आम्ही मुद्दाम विचारत राह्यतो, जवाई कसे हायेत वं? ती म्हणते मजेत हायेत. आम्ही म्हणतो, चांगलं हाये. तिचं तोंड राह्यलं पाह्यजे ना बाप्पा! तू घरी ये संक्रांतीले. तुह्याशिवाय वाण घ्याले गोड नाई लागत."

मी फोन ठेवला. इतक्या महिन्यांपासून माझी आई दारात उभी राहून जवाई मजेत आहेत म्हणत होती, आणि पाच घरच्या बायका माना डोलावून ते ऐकून घेत होत्या. दयेनेच. दया नको होती मला. त्यापेक्षा तोंडावर टोमणा मारला असता तर परवडलं असतं, मी उलटून बोलले तरी असते.

मग मी हिय्या केला. आईला फोन लावला आणि म्हटलं, "आई, जंगलाचं राहू दे. संक्रांतीला मी घरी येते. हळदीकुंकू कर. मी वाण वाटते."

ती मग म्हणाली, "लोकं विचारतीन."

"कोणी विचारणार नाही. त्यांना माहीत आहे, आई."

मला वाटलं, ती हादरेल, रडेल. ती म्हणाली, "मले माईत हाये, त्याईले माईत हाये ते."

"मग?"

"मग काय? माईत असणं वेगळं, अन् दारात दिसणं वेगळं. मी तरी काय करू वं? विचारते कोणी तं सांगा लागते ना काईतरी."

तिचा राग येईना. म्हटलं, "तू सडा-रांगोळी कर, बाकी मी बघते."

"ये," ती शेवटी म्हणाली. "घरीच ये. टेंट काढाले लावते तुह्या बाबाले." आणि मग अगदी हळू, जसं काही मीच मोठी आणि ती माझ्याकडे काही मागते आहे, "रात्रीच्या गाडीनं येशीन का?"

"हो," मी म्हटलं.

ती विचारायच्या आधीच मी मोबाइलवर रात्रीची, गल्ली झोपल्यावर पोचणारी गाडी पाहून ठेवली होती.