तिसरी झाली

माझ्या मामीची कुजबुज तीन रांगांना ऐकू जायची. तिचा त्यात दोष नव्हता. तिने जन्मभर दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटना हाका मारल्या, आणि आत यंत्र घरघरत असताना दबक्या आवाजात भागत नाही. तिने नाव पुकारलं की निम्म्यांची दातदुखी तिथेच थांबते, असं डॉक्टर म्हणायचे.

नोकरी लागल्यावर मी या शहरात मामा-मामीकडे राहायला आले आणि लगेच कळलं की या घरात सुट्टी म्हणजे लोळणं नव्हे. मामीच्या पायाला भिंगरी. डबा भरायचा, समोर येईल त्या बसमध्ये चढायचं, शेवटच्या स्टॉपला उतरायचं, तिथे तळं असो, बाजार असो की नुसता कठडा, बसून डबा खायचा आणि परत यायचं.

"शेवटच्या स्टॉपवर असतं तरी काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"गेल्याशिवाय कसं कळणार?" मामी म्हणाली. मला राग आला, कारण उत्तर बरोबर होतं.

पण तिचा खरा जीव नाटकात. मामा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या पाडून द्यायचा. अबोल माणूस. पडदा वर गेला की याचे डोळे मिटायचे. तरी एकही नाटक त्याने चुकवलं नाही. थिएटरमध्ये मामीचे कायदे कडक होते. पहिल्या घंटेला जागेवर बसायचं, दुसरीला चॉकलेटचे कागद सोडून घ्यायचे, तिसरीला अळीमिळी गुपचिळी. हाच कायदा तिने घरीही आणला. पानं वाढून झाली की ती म्हणायची, "तिसरी झाली!" मग पहिला घास पोटात जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. नवखा पाहुणा बावरून विचारायचा, "तिसरी कोण?"

विनोदाला सगळ्यात आधी मामी हसायची. बाकीचं सभागृह तिच्या मागून.

स्वयंपाक मात्र ती कानाने करायची. कांदा तेलात टाकला की पाठ फिरवून बटाटे चिरायला लागायची. कांद्याचा आवाज बदलला की न बघताच हात मागे नेऊन गॅस बारीक करायची. त्यामुळे तिचे कान गेले ते आम्हाला आधी कढईत दिसलं. कांदा करपायला लागला. आम्ही गुमान खाल्ला. पुढे कानाला मशीन आलं, पण "हे लावलं की नट कमी आणि शेजारणीची चिप्सची पिशवी जास्त ऐकू येते," म्हणून ते तिच्या पर्समध्येच राहायचं.

मग ते नाटक झालं. आम्ही तिघं मागच्या रांगेत होतो. नाटक विनोदी होतं. पडदा वर गेला तर रंगमंचावर अंधारं स्वयंपाकघर, आणि खिडकीतून एक चोर पाय न वाजवता आत शिरतोय. सगळे श्वास रोखून बसलेले. मामीला तिसरी घंटा ऐकूच आली नव्हती. पर्समध्ये डोकं घालून ती चॉकलेट शोधत होती.

"अहो, गॅस बंद केलात ना?" तिने खणखणीत आवाजात विचारलं.

चोर जागच्या जागी थिजला. मग प्रेक्षकांकडे वळून अदबीने म्हणाला, "केला हो वहिनी. आत्ता मीच केला."

सगळं थिएटर हसून कोसळलं. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा हसले. मामीला फक्त मागे वळलेले चेहरे दिसले. "काय झालं? काय म्हणाला तो?" ती विचारत राहिली आणि मामा तिचा हात थोपटत राहिला. मध्यंतरात तिने मला कोपऱ्यात घेऊन सगळं काढून घेतलं. आम्ही तिथूनच घरी आलो.

त्यानंतर मामी नाटकाला गेली नाही. "तुम्ही जा, मला कामं आहेत," म्हणायची. मग बसही बंद झाली. "कंडक्टरने काही विचारलं आणि मी भलतंच बोलले तर?" हे तिच्या मनात. जी बाई सुट्टीला घरात सापडायची नाही, ती खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बस मोजायला लागली. मला भीती वाटायला लागली की ती आता अशीच बसून राहणार.

एका रविवारी मामा एकटाच नाटकाला गेला. आयुष्यात पहिल्यांदा. रात्री जेवताना मामीने पाण्याचा पेला उगाच सरकवत विचारलं, "कसं होतं?"

"दोन भाऊ असतात," मामा म्हणाला. "घरावरून भांडतात."

"मग?"

"मग मिटतं."

"कसं मिटतं?"

"मला जाग आली तेव्हा मिटलेलं होतं."

मामी भडकली. "अहो, झोपायचंच होतं तर घरी काय गादी नव्हती? नाटकाचा असा चोथा करतात का? धाकटा काय म्हणाला, मोठा काय म्हणाला, काही म्हणजे काही नाही!"

मामाने हातातला घास खाली ठेवला. "मला कुठं काय कळतं त्यातलं? तू हसलीस की मला जाग यायची. तेवढंच नाटक मी बघायचो. आज कोणी उठवलंच नाही."

मामी त्याच्या ओठांकडे एकटक बघत होती. "पुन्हा सांगा," ती म्हणाली.

तिला ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं म्हणूनच पुन्हा हवं होतं, मला माहीत नाही. मामाने घसा साफ केला आणि तेच सगळं, शेजाऱ्यांनाही कळेल इतक्या मोठ्याने, पुन्हा सांगितलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी परत धुतली.

बाहेर आले तर मामी विचारत होती, "पण तिसरी मला कळणार कशी?" मामाने टेबलावरचा तिचा हात घेतला आणि तीनदा दाबला.

"मग ते चोराचंच नाटक बघू," ती म्हणाली. "अर्धं राहिलंय माझं."

या वेळी तिने पहिली रांग घ्यायला लावली. "लपून बसून काय उपयोग? तोंडं तरी दिसतील." अंधार झाला. मामाने हात तीनदा दाबला, मामी ताठ बसली, आणि पडदा वर गेला तसे मामाचे डोळे मिटले. मी नाटक बघतच नव्हते, मामीला बघत होते. पर्स तिने छातीशी धरली होती, उठून जायच्या तयारीने.

तेच अंधारं स्वयंपाकघर. तोच चोर खिडकीतून आत आला, चार पावलं पुढे गेला आणि थांबला. कपाळावर हात मारला. उलटा फिरला, चवड्यांवर चालत शेगडीपाशी गेला, गॅसचं बटण बंद केलं, पुन्हा एकदा चाचपून खात्री केली आणि मग चोरीला लागला. एक शब्द नाही. त्या दिवशीच्या आधी हे नाटकात नव्हतं.

अजून कोणी हसलं नव्हतं. मामी हसली. मोठ्याने, पहिल्यासारखी, आणि तिच्या मागून सगळं थिएटर.

मामा दचकून उठला. "काय? काय झालं?"

"बंद केला त्याने," मामी कुजबुजली, आणि मागच्या तिन्ही रांगांनी ऐकलं.