किंकाळीला दहापैकी नऊ

त्याचे वाचक त्याला 'दहापैकी' म्हणायचे. घरी तो बारक्या. वय चव्वेचाळीस, पोट थोडं पुढे, केस बरेच मागे. धंदा काय, तर मारामारीचे व्हिडिओ गेम खेळायचे आणि ते कसे आहेत ते लिहायचं. त्यातही साधी मारामारी नाही. ज्यात माणसं पटापट मरतात आणि बघणाऱ्याला हसू फुटतं, असलेच गेम त्याच्याकडे यायचे. कोणी झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकून मरायचा, कोणी स्वतःच्याच टायला लटकून. प्रत्येक मरणाला हा दहापैकी मार्क द्यायचा, म्हणून ते नाव पडलं.

हे काय काम झालं, असं कोणालाही वाटेल. त्याच्या बायकोलाही वाटायचं. नातेवाइकांनी विचारलं की ती 'कम्प्युटरवरचं लिखाण करतात' एवढं सांगायची आणि चहा ठेवायला उठायची. पण काम तो जीव ओतून करायचा, हे मानलं पाहिजे. टेबलावर एक लांबट वही असे, तिच्यात चार रकाने: कसा मेला, हसू आलं का, नवं काय, मार्क. पहिल्या वेळचं हसू फसवं असतं, असा त्याचा सिद्धांत होता. म्हणून एकच मरण तो तीस-तीस वेळा बघायचा आणि त्यानंतरही जे हसवेल त्यालाच आठच्या वर मार्क द्यायचा. डॉक्टर ज्या चेहऱ्यानं एक्स-रे बघतो, त्या चेहऱ्यानं हा माणसं मरताना बघत बसायचा.

त्याचं लिखाण तपासायची त्याची मोठी बहीण. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर आजारी पडली, म्हणून बारक्याला अंघोळ घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. पुढे एका छापखान्यात तिनं तीस वर्षं प्रुफं वाचली. पडद्यावर वाचणं तिला जमायचं नाही, अक्षरं पळतात म्हणायची. म्हणून बारक्या लेख कागदावर छापून संध्याकाळी तिच्याकडे नेऊन द्यायचा. ती ओळीखाली लाकडी पट्टी धरून, हातात लाल पेन्सिल घेऊन वाचायची आणि सकाळी आठच्या ठोक्याला फोनवर चुका सांगायची. पान दोन, ओळ सात, वेलांटी पहिली कर.

मजकुराबद्दल मात्र अवाक्षर काढायची नाही. छापखान्याची शिस्तच तशी होती. प्रूफ वाचणाऱ्यानं लेखकाच्या म्हणण्याला हात लावायचा नाही. एखादी तारीख, आकडा, माहिती खरी वाटली नाही, तर समासात 'तपासा' एवढं लिहायचं आणि पुढे जायचं. "मारामारी तुझी, ऱ्हस्वदीर्घ माझं," असं ती म्हणायची. एकदा त्यानं एका खलनायकाला बत्तीस गोळ्या मारल्याचं लिहिलं होतं. तिनं समासात लिहिलं: तपासा, वर सहाच गोळ्यांचं पिस्तूल म्हटलं आहे. यावर दोघं आठवडाभर हसत होती.

सगळ्या गोतावळ्यात या धंद्याची लाज न वाटणारा माणूस एकच, ताईचा नवरा. भाऊजी उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचे. बारक्या दारात दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय, आज किती मारले?" एका रविवारी ते त्याच्या शेजारी बसून गेम बघत होते. त्यात लिफ्टचा दोर तुटतो आणि सहा गुंड धाडकन खाली जातात. बारक्या हसला, भाऊजींना मात्र राग आला. दोर एक नसतो, पाच-सहा असतात, वर ब्रेक असतो, हे सगळं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "लिफ्ट पडत नसते रे," ते म्हणाले, "माणूस पडतो."

त्यानंतर चार महिन्यांनी ते पडले. एका ऑफिसच्या इमारतीत सातव्या मजल्यावर दार उघडं होतं, लिफ्ट तिथे नव्हती आणि त्यांचा पाय सरकला. दवाखान्यातल्या सगळ्या कागदांवर सह्या बारक्यानंच केल्या. ताईला घरी आणलं तेव्हा ती खाली लिफ्टसमोर थांबली, मग वळली आणि जिन्यानं चौथ्या मजल्यापर्यंत चढून गेली. त्यानंतर ती लिफ्टमध्ये पाऊल ठेवेना. वर्षभर बारक्या तिच्या पिशव्या घेऊन तिच्या मागून धापा टाकत जिना चढला आणि त्यानं एकदाही कुरकुर केली नाही. भाऊ म्हणून तो वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कोणाला ते खरं वाटणार नाही.

भाऊजी गेल्यावर ताईनं पट्टी आणि पेन्सिल खणात टाकली. त्यानंही विषय काढला नाही. पण वर्ष उलटलं तरी ती खिडकीशी नुसती बसून असायची. तेव्हा त्याला वाटलं, हिला कामाला लावलं पाहिजे. त्यानं लाडीगोडी लावली, आपल्या लेखात आता किती चुका राहतात ते रडून सांगितलं. ती बघू, बघू म्हणत राहिली. शेवटी एका मंगळवारी म्हणाली, बरं, आण. हा आनंदानं फुलून गेला. त्याच संध्याकाळी ताजा लेख घेऊन तो तिच्याकडे गेला आणि कागद तिच्या हातात देताना म्हणाला, "यावेळचा गेम भारी आहे. हसशील बघ, ताई."

तो गेम असा होता. तीस मजल्यांचं ऑफिस. एका कारकुनाला नोकरीचा राजीनामा द्यायचाय आणि साहेब बसतो सर्वांत वर. प्रत्येक मजल्यावर गुंड. नवव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं राहिलंय, आत लिफ्ट नाही, आणि आपण एकेकाला त्यात ढकलायचं. गंमत अशी की प्रत्येक जण वेगळा ओरडत पडतो. एक जण पडतापडता माफी मागतो, एकाचा फोन तळापर्यंत वाजत राहतो. सगळे आवाज ऐकून व्हावेत म्हणून बारक्यानं एक्केचाळीस माणसं त्यात ढकलली. मग लिहिलं: 'खाली जाणाऱ्याला लिफ्टची वाट बघावी लागत नाही.' आणि त्याखाली: 'पडणाऱ्याची किंकाळी अगदी हुबेहूब. दहापैकी नऊ. एक मार्क हातचा राखून ठेवतो.'

हे लिहिताना त्याला भाऊजी आठवले नाहीत. यात काही सारवासारव नाही, खरंच आठवले नाहीत. वर्षभर ज्या कारणानं तो जिने चढत होता, ते कारण त्याच्या टेबलापर्यंत पोचलंच नाही. पडद्यावर मरणारे वेगळे आणि घरात मेलेला वेगळा, असे दोन कप्पे त्याच्या डोक्यात होते, आणि मधलं दार इतकी वर्षं बंद राहून गंजून गेलं होतं.

बुधवारी आठला फोन आला नाही. सवय मोडली असेल तिची, असं तो मनाशी म्हणाला. दहाला त्यानं स्वतः केला, तिनं उचलला नाही. लेख बाराला वेबसाइटवर आपोआप वाचकांसमोर जाणार होता. थांबवता आला असता. पण दोन-चार वेलांट्या गेल्या तर गेल्या, असं म्हणून त्यानं जाऊ दिला. एकपर्यंत लिफ्टचं ते वाक्य जिकडेतिकडे झालं. दोन वाजता संपादकबाईंचा फोन आला. गेम बनवणाऱ्यांना ते वाक्य जाहिरातीत हवं होतं, खाली त्याच्या नावासकट. तो लगेच हो म्हणाला आणि ही बातमी आपल्या तोंडानं सांगावी म्हणून ताईकडे निघाला. सोबत ताई नव्हती, तेव्हा तो लिफ्टनं वर गेला. आत उभ्या उभ्या मोबाईलवर लोकांचे शेरे वाचत होता आणि एकटाच हसत होता.

दार ताईनं उघडलं. तिनं त्याला पाणी दिलं, समोर बसवलं आणि कागद पुढे सरकवले. पहिल्या पानावर तीन चुका. दुसऱ्यावर एक. तिसऱ्या पानावर 'अगदी हुबेहूब' या शब्दांखाली लाल रेघ होती आणि समासात तिच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

'तपासा. यांच्या सोबतचे मेकॅनिक म्हणाले होते, आवाज आला नाही.'

त्यानं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला कळलं. आधी कान तापले, मग मान, आणि मान वर उचलणं काही केल्या जमेना. टेबलावर तिची पट्टी होती. तिच्या कडेवर इंचांचे आकडे होते, तो ते वाचत बसला. पाणी प्यायचं राहिलं. दारात "काय, आज किती मारले?" विचारणारा माणूस त्याला आता आठवला, कागदावर दोर काढून दाखवणारा त्याचा तेलकट हातही आठवला, आणि या वेळी आकडा त्याच्याकडे तयार होता. एक्केचाळीस.

"ताई, माझ्या लक्षातच आलं नाही," तो कसाबसा म्हणाला.

"ते कळलं मला," ताई म्हणाली. "लक्षात असून लिहिलं असतंस तर भांडले असते. हे वाचून भांडायचं कोणाशी, तेच कळेना. म्हणून फोन नाही केला."

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, छापलं का. क्षणभर त्याच्या मनात आलं की नाही म्हणावं आणि खाली जाऊन घाईघाईनं पुसून टाकावं. पण ज्या बाईनं आपल्याला पाढे शिकवले तिच्यासमोर खोटं बोलायला तोंड लागतं. तो म्हणाला, हो, बाराला.

"मग दुरुस्ती दे," ती म्हणाली. छापखान्यात चुकीची माहिती छापली गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायचे. पुसून टाकणं तिला मंजूर नव्हतं. लोकांनी वाचलेलं कागदावरून पुसलं तरी त्यांच्या डोक्यातून पुसलं जात नाही, असं तिचं म्हणणं.

तो जिन्यानं उतरला. घरी जाऊन त्यानं संपादकबाईंना जाहिरातीसाठी नाही कळवलं. त्या चिडल्या, पण वाक्य मागे घेतलं. मग दुरुस्ती लिहायला बसला तेव्हा रोजचा हात चालेना. अर्ध्या तासात तीन ओळी झाल्या. 'कालच्या लेखात पडणाऱ्याची किंकाळी हुबेहूब आहे, असं म्हटलं होतं. ती चूक आहे. पडणारा माणूस ओरडत नाही.' गुरुवारी बाराला दुरुस्ती गेली.

आणि लोक हसले.

पोट धरधरून हसले. दहापैकीनं आजवर केलेला सर्वांत काळा विनोद, असं कोणी लिहिलं. इतक्या गंभीर चेहऱ्यानं असा टोला मारणं यालाच जमतं, असं दुसऱ्यानं. शेकडो जणांनी खाली एवढंच लिहिलं: दहापैकी दहा. तो एकेक शेरा वाचत गेला. त्यात वाईट कोणीच नव्हतं. वीस वर्षं त्यानंच त्यांना शिकवलं होतं की माणूस पडला की हसायचं आणि मार्क द्यायचे. विद्यार्थी हुशार निघाले, आता गुरुजींनी कोणाला दोष द्यायचा.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. जिन्यानं गेला. दुरुस्तीचा कागद त्यानं बरोबर नेला होता. तिनं पट्टी धरून तीन ओळी वाचल्या, चूक सापडली नाही. मग विचारलं, "वाचली का कोणी?"

"सगळ्यांनी."

"काय म्हणाले?"

जिना चढताना त्यानं याचं उत्तर ठरवून ठेवलं होतं, बरं म्हणाले, असं. ते त्याला सांगवेना.

"हसले, ताई. त्यांना विनोद वाटला."

रस्त्यावर कोणी तरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मग तिनं खणातून एक कोरा कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. दुरुस्तीत चूक राहिली तर दुसरी दुरुस्ती द्यावी लागते, म्हणाली. "कोण पडलं ते तू लिहिलंच नाहीस. मग लोक हसणार नाहीत तर काय करणार? यांचं नाव घाल. आणि तुझं घाल, खरं. ते दहापैकी नको."

त्यानं पेन घेतलं. आधी भाऊजींचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली ते काय काम करायचे ते, आणि कितव्या मजल्यावरून पडले ते. मग लिहिलं, 'ते माझे भाऊजी होते.' तिथे तो थांबला. वहीच्या चार रकान्यांत कुठेच न बसणारं एक वाक्य उरलं होतं आणि ते लिहिल्याशिवाय दुरुस्ती पुरी होणार नव्हती, हे त्याला कळत होतं. त्यानं लिहिलं, 'गेम खेळताना आणि लेख लिहिताना मी त्यांना विसरलो होतो.' खाली स्वतःचं नाव टाकलं, शाळेच्या दाखल्यावरचं, आणि मान खाली घालून कागद तिच्याकडे सरकवला.

ताईनं पट्टी पहिल्या ओळीखाली धरली. लाल पेन्सिल हातात घेऊन ती सावकाश खाली सरकत आली. 'विसरलो होतो' या ओळीखाली पट्टी थांबली. तो तिच्या पेन्सिलीकडे बघत होता. या ओळीसमोर तरी तिनं समासात 'तपासा' लिहावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तिनं काहीच लिहिलं नाही. पट्टी उचलली, कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.