बोअरजवळच्या घागरी

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. त्यातलं बरंच आता विसरलो. पण एका दाळमिलमधली ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो.

नांदेड आणि लातूरच्या सीमेवरचं ठाणं होतं. दुष्काळाचं वर्ष. नव्या जिल्ह्याचं आश्वासन भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं; पाण्याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. मतदानाच्या दिवशी दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा दबका आवाज होता. दाळमिल चालू आहे आणि कामगारांची मतदान कार्डं मुकादमाने अडकवून ठेवली आहेत, एवढं सांगून तिने फोन ठेवला. स्टेशन डायरीला नोंद केली, तहसीलदारांना कळवलं आणि जमादाराला घेऊन मी निघालो.

पोचलो तेव्हा मिल बंद होती. मुकादमाने चहा मागवला आणि हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. मतदानासाठी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते. इथे तर प्रत्येक नावापुढे ती लिहिलेली, शेजारी सही नाहीतर अंगठा. इतकी चोख कागदपत्रं मला नेहमीच खटकतात. मी उलटसुलट बरंच विचारलं, पण गडी बधला नाही. लोक सकाळीच मत द्यायला गेले, असंच म्हणत राहिला.

हात हलवत परत निघालो, तर मिलच्या बोअरजवळ घागरींची रांग दिसली. तीसेक रिकाम्या घागरी, प्रत्येकीच्या गळ्याला ओळखीची वेगळी चिंधी. दुष्काळात माणूस पायातली चप्पल विसरेल, पण घागर सोडून घरी जाणार नाही. मी मुकादमाला रांगेपाशी नेलं आणि विचारलं, "घागरी इथे आहेत. माणसं कुठे आहेत?"

तो जाऊन किल्ल्या घेऊन आला. मग त्याने मागच्या गोदामाचं कुलूप काढलं.

आत कामगार पोत्यांवर गप्प बसले होते. जीप दिसताच मशीन बंद करून त्यांना आत घातलं होतं. बोअरवर नंबर लावताना कार्ड जमा करायचं आणि घागर भरली की परत घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती. त्या दिवशी कार्डं परत मिळालीच नाहीत. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. जो मत द्यायला जाईल त्याचा नंबर कायमचा गेला, असा दम भरलेला होता.

मुकादमाच्या टेबलाच्या खणातून कार्डं निघाली. ती वाटली, तरी कुणी जागचं हलेना. पाण्याची हमी मी तरी कशी देणार? शेवटी बौद्धवाड्यातली चाळिशीची एक बाई उठली. फोन तिचाच होता, हे आवाजावरून ओळखलं. बोललो मात्र नाही.

"पानी तर रोजच मागून राहिलो, साहेब," ती म्हणाली. "मत काय मागायची चीज न्हाई."

बाहेर येऊन तिने रांगेतली आपली घागर कमरेवर घेतली आणि चालू लागली. मग एकेक जण उठला. पोलीस जीपमध्ये मतदार बसवता येत नाहीत, म्हणून आम्ही मागून हळूहळू गेलो. केंद्र बंद व्हायच्या आत सगळे रांगेत लागले. पुढे तहसीलदारांनी तो बोअर अधिग्रहित केला, पाणी गावाला खुलं झालं.

मत देऊन ती बाई बाहेर आली आणि सहज म्हणाली, "तुमी टाकलं का मत, साहेब?"

आम्ही बंदोबस्तातले लोक टपालाने मत देतो, असं मी ऐटीत सांगितलं. ती गेल्यावर जमादार खालच्या आवाजात बोलला. "साहेब, आमचे टपालाचे अर्ज तुमच्याकडं सहीला दिल्ते. मुदत मागल्या हप्त्यातच गेली."

ठाण्यात येऊन माझ्या टेबलाचा खण उघडला. एकोणीस अर्ज होते, घडीही न मोडलेले. माझा त्यात नव्हता. तो मी भरलाच नव्हता. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत असे अर्ज मी सगळ्यांत आधी पाठवले, पण त्या एकोणीस जणांची ती मतं गेली ती गेलीच.

त्या संध्याकाळी ठाण्यात आणलेल्या मुकादमाचा जबाब मी त्याच टेबलावर घेतला. कार्डं परत का दिली नाहीस, असं विचारलं. तो म्हणाला, "कामाच्या गडबडीत राहून गेलं, साहेब."

एरवी अशा उत्तरावर मी आवाज चढवला असता. त्या दिवशी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खण अजून उघडाच होता.