गाडीचं कपाळ

माझ्या गाडीवर काय लावायचं आणि काय काढायचं, हे मी ठरवणार. गाडी माझ्या नावावर आहे, माझ्या चक्कीच्या कमाईची आहे आणि मी अजून जिवंत आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात तोंडानं सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरलो. गेटवरचा चौकीदार हसत म्हणाला, "बधाई हो काकाजी! नई गाड़ी ले ली और मिठाई भी नहीं खिलाई?"

"कौन सी गाड़ी?"

त्यानं बोट दाखवलं. माझ्याच जागेवर, माझ्याच नंबरची, माझीच पांढरी गाडी उभी होती. पण पुढे जाळीवर कंपनीचं चांदीसारखं चिन्ह होतं ते गायब, आणि त्या जागी काळं कुळकुळीत. मागे जाऊन पाहिलं तर डिकीवरही काळी अक्षरं, सगळ्यात महाग मॉडेलची. माझी गाडी सगळ्यात साध्या मॉडेलची. तिच्या मागच्या काचा आजही हँडल फिरवून खाली कराव्या लागतात. आणि पाठीवर एवढी मोठी बढाई! जन्मभर मी पिठात खडीची भुकटी घातली नाही, आणि म्हातारपणी खोटं नाव लावून गावभर फिरू?

दूध न घेताच वर आलो. मुलाची गाडी सर्व्हिसिंगला होती म्हणून आदल्या दिवशी तो माझी घेऊन गेला होता. चहा पीत बसला होता. म्हणाला, "पाहिली का बाबा? कशी वाटली? दसऱ्याचं गिफ्ट आहे तुम्हाला."

"कोणाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? आजकाल सगळेच ब्लॅक करून घेतात. जुनं किती डल दिसत होतं. वरून गंजलेलं, जंग लागलेला."

"जंग?"

"हो ना. दुकानवाल्यानंच दाखवलं. सगळ्या खाचांमध्ये लाल लाल."

"ते चिन्ह प्लास्टिकचं असतं रे. वरून नुसता मुलामा. प्लास्टिकला जंग लागतो? इंदूरमध्येच लागत असेल!"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "तुझ्या आईचं कुंकू होतं ते."

त्यानं कप खाली ठेवला. ठेवायलाच पाहिजे होता.

आमची चक्की राजवाड्यामागच्या गल्लीत होती. दसऱ्याला आधी चक्कीची पूजा, मग गाडीची. गुरुजी बॉनेटवर स्वस्तिक काढायचे, झेंडूची माळ घालायचे, आणि त्यांना वाटायचं झालं. हिला ते पटायचं नाही. ही म्हणायची, "बॉनेट म्हणजे पोट आहे हो गाडीचं. पोटावर कोणी कुंकू लावतं का? कपाळ हे इथे." आणि वाकून त्या चिन्हाला कुंकू लावायची. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून वाटीत तेल घालून कालवून आणायची. गाडी घेतली तेव्हापासून ती जाईपर्यंत एक दसरा चुकला नाही. धुणारा पोरगा घासायला लागला की मी त्याला सांगायचो, तेवढं सोड. ती गेल्यावर मी त्या जागेला कोणाला हात लावू दिला नाही. सूनबाईला सांगितलं, तू बॉनेटवर लाव. ती बिचारी बॉनेटवर लावते आणि ते चौकापर्यंत जाता जाता उडून जातं.

मुलगा म्हणाला, "पण तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा."

"बोलायचं काय? रोज समोर होतं. पूजेच्या वेळी तू मोबाइलवर फोटो काढत असायचास ना? बघ त्याच्यात, आई काय करतेय ते."

त्यानं खरंच मोबाइल काढला. मी म्हटलं, आता फोटो बघू नकोस, गाडी काढ.

गाड्या सजवायचं ते दुकान सांवेर रोडवर. दुकानवाला तरणाताठा, डोळ्यांवर काळा चष्मा. मुलाला बघून खूश झाला. "आओ भिया! काकाजी को पसंद आई?"

"पुराना वाला किधर है?" मी विचारलं.

तो आपली कारागिरीच सांगायला लागला. आधी हेअर ड्रायरनं गरम करतो, मग मागून मजबूत दोरा घालून करवतीसारखा ओढतो, एक खरोंच येऊ देत नाही. मी म्हटलं, "तुम्हारी तारीफ बाद में. पुराना किधर है?"

"अरे काकाजी, पुराने मोनोग्राम का क्या अचार डालोगे? कट्टे में पड़ा है. शाम को कबाड़ी ले जाएगा."

"कट्टा लाओ."

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, इथे सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच. चोरी मी केलेली नाही."

कोपऱ्यातला कट्टा, म्हणजे पोतंच, मी स्वतः ओढला आणि फरशीवर पालथा केला. खडखडाट करत ढीग पडला. माझ्या गाडीच्या कंपनीची चिन्हं वेगळी काढत बसलो. मला वाटलं होतं, लाल खाच दिसली की झालं, उचलायचं आणि निघायचं.

पण ढिगात लाल खाचांची चिन्हं कितीतरी होती. माझ्या कंपनीची होती, दुसऱ्या कंपन्यांचीही होती. कुठे गुलाबी उरलेलं, कुठे शेंदरासारखं, एकावर तर दोन तांदूळसुद्धा चिकटलेले. म्हणजे घरोघरी कोणीतरी वाकून गाडीच्या कपाळाला कुंकू लावत होतं, आणि घरोघरचे शहाणे त्याला जंग म्हणून इथे टाकून गेले होते! माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. दुकानवाल्याला म्हटलं, "ये जंग है? बोल, जंग है ये?"

त्यानं चष्मा काढला. एक चिन्ह हातात घेऊन उलटंपालटं केलं. म्हणाला, "काकाजी, आप पहले आदमी हो जो वापस लेने आए."

मला त्याची तारीफ नको होती, माझं चिन्ह हवं होतं. आणि यांतलं माझं कोणतं? मुलगा शेजारी उकिडवा बसला आणि लाल दिसेल ते पुढे करायला लागला. "हे असेल, बाबा?" नाही. "मग हे?" नाही. तो म्हणाला, "बाबा, सगळी सारखीच आहेत. यातलं कोणतंही..."

"कोणतंही? आई कोणतीही चालली असती का तुला?"

त्यानं हातातलं परत ढिगात ठेवलं. मी एकेकाच्या खाचेत नख घालून बघायला लागलो. बाकीच्यांचं कुंकू भुकटी होऊन निघत होतं. एकाचं निघेना. काळपट लाल, तेलकट, आणि नखानं खरवडल्यावर खालून पांढरा थर. पीठ! गाडी वर्षानुवर्षं चक्कीच्या दारात उभी असायची. उडालेलं पीठ हिच्या तेलाच्या कुंकवात बसत गेलं आणि वाळून दगड झालं. अख्ख्या इंदूरमध्ये अशी दुसरी गाडी नसेल.

"हे," मी म्हटलं. मुलानं ते हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

काळं काढायला लावून तेच परत बसवून घेतलं. दुकानवाला पुसायला फडकं घेऊन आला, त्याचा हात धरला. मागची अक्षरंही काढायला सांगितली. मुलगा म्हणाला, "मागची तरी राहू द्या, बाबा. किती मस्त दिसतायत."

"त्या अक्षरांनी काचा आपोआप खाली होणार आहेत का?"

दोरा ओढून तीही निघाली. जुनी अक्षरं ढिगात सापडली नाहीत, पण डिकीवर त्यांच्या जागा उरल्या आहेत. आजूबाजूचा रंग उन्हानं पिवळट झालाय आणि तेवढंच पांढरं. नीट बघितलं तर साधं मॉडेल वाचता येतं. राहू दे. खरं आहे ते.

निघताना दुकानवाल्याला बजावलं, यापुढे काढलेली वस्तू मालकाच्या हातात द्यायची, कट्ट्यात नाही. "हाँ काकाजी, बिल्कुल," म्हणाला. करतो की नाही, बघायला मी पुन्हा जाणार आहे.

दसऱ्याला मुलानं स्वतः गाडी धुतली. चिन्हाच्या भोवतीनं फडकं फिरवलं, मध्ये नेलं नाही. सूनबाई ताट घेऊन आली आणि वाकून तिथेच थांबली.

"बाबा, इथे लावू?"

"नाही. बॉनेटवर."

ती सरळ उभी राहिली. तेव्हा तिच्या हातातली वाटी दिसली. कुंकू तेलात कालवलेलं होतं. तिनं बॉनेटवर लावलं, आणि आम्ही सगळे महूला बहिणीकडे सोनं द्यायला जाऊन आलो तरी ते उडालं नाही.